दगडी रथ, सतरा सीट आणि एक रुपया

डिसेंबर २०२२. पहाटेचे पाच. सांगलीच्या स्टँडजवळ टेंपो ट्रॅव्हलर उभी आणि मी डिकीत बॅगा लावतेय. बँकेतून निवृत्त झालेले एक काका आले आणि हात पुढे करून उभे राहिले. मला वाटलं, पिशवी ठेवायची असेल. म्हणाले, "ताई, जाहिरातीत नऊ हजार चारशे नव्व्याण्णव आहे. मी साडेनऊ दिलेत. एक रुपया."

पर्समधून नाणं शोधून दिलं. त्यांनी ते शर्टाच्या खिशात टाकलं, वरून थोपटलं आणि खिडकीची सीट धरली. बाकीच्या दहा जणांनी तो रुपया सोडून दिला. पाच दिवसांनी परत आल्यावर हिशेब केला, तर टूरमध्ये मला २८,६२१ रुपयांचा खड्डा पडला होता. त्यातला शेवटचा एक रुपया काकांचा.

लाज अशाची वाटली की हिशेब हाच माझा धंदा. बारा वर्षं एका खताच्या डीलरकडे अकाउंट्स सांभाळली. टॅली, बिलं, उधारीची वसुली, सगळं. बदामीची बनशंकरी ही माझ्या माहेरची कुलदेवी, त्यामुळे लहानपणापासून वर्षातून एक फेरी ठरलेली. आईच्या मैत्रिणी, नणंदा, भिशीतल्या बायका म्हणायच्या, "आम्हालाही ने की." नोकरी सोडल्यावर म्हटलं, नेऊ. चार रात्री, पाच दिवस : बदामी, ऐहोळे, पट्टदकल, हंपी.

कागदावर मी असं मांडलं होतं. सगळं अंतर मिळून ९०० किलोमीटर, किलोमीटरला २८ रुपये, म्हणजे २५,२००. ड्रायव्हरचा भत्ता, टोल, पार्किंग मिळून ५,०००. भागिले १६, कारण सतरा सीटमधली एक माझी. माणशी झाले १,९००. खोली बदामीत दोन रात्री १,८०० नं, हंपीजवळच्या होस्पेटला दोन रात्री २,२०० नं, दोघांत एक खोली, म्हणजे माणशी ४,०००. जेवणखाण, चहा २,१५०. तिकिटं १३० : बदामीची लेणी आणि ऐहोळे प्रत्येकी २५, पट्टदकल आणि हंपी प्रत्येकी ४०. गाईडचे ३००. बेरीज ८,४८०. वर आपले हजार. ९,४८० हा आकडा काही बरा दिसेना, म्हणून ९,४९९. दुकानात चपलांच्या किमती असतात ना, तसा.

त्यात चुका किती होत्या ते बघा.

गाडीमालक किलोमीटरचा दर सांगतो तेव्हा पुढचं वाक्य हळू आवाजात सांगतो : दिवसाला कमीत कमी तीनशे किलोमीटर. गाडी हंपीत दिवसभर झाडाखाली उभी राहिली, ड्रायव्हरमामांनी मागच्या सीटवर घोरत दुपार काढली, तरी बिल तीनशेचं. पाच दिवस गुणिले तीनशे, म्हणजे दीड हजार किलोमीटर. २५,२०० चे झाले ४२,०००. मी तो नियम ऐकला होता, त्यावर मान डोलावली होती आणि शीटमध्ये घातला नव्हता.

खोल्यांवरचा जीएसटी विसरले. तेव्हा तो १२ टक्के होता. खतावरचा जीएसटी तोंडपाठ असलेली बाई हॉटेलच्या बिलाच्या शेवटच्या ओळीकडे बघतच राहिली. माझी स्वतःची झोप आणि माझं स्वतःचं जेवण कुणी द्यायचं, हेही लिहिलं नव्हतं. आणि मुख्य म्हणजे सोळानं भागलं होतं. आले अकरा.

गाडीचा खर्च माणसं मोजत नाही. सोळा बसले तरी तेवढाच, अकरा बसले तरी तेवढाच. हे वाचायला इतकं सोपं आहे की कुणी चूक करेल असं वाटत नाही. पण नवीन टूरवाला हमखास भरलेल्या गाडीनं भागतो, कारण भरलेली गाडी डोळ्यांसमोर छान दिसते. आणि सतरा सीटच्या गाडीत मागचा बाक असतोच. खड्डा आला की तिथला माणूस छताला भेटून येतो. ती जागा साठीच्या पुढच्या माणसाला विकायची म्हणजे नंतर पाच दिवस त्याचं तोंड बघायचं. म्हणून मी आता सोळा धरतच नाही, चौदाच्या वर सीट घेत नाही.

दुसऱ्या वेळी शीटचे दोन भाग केले. वरच्या भागात माणसं कितीही येवोत, जे लागणारच ते : गाडी सगळं धरून ४७,०००, स्थानिक गाईड ५,०००, माझी खोली-जेवण-तिकिटं ११,२४०, जाहिरात ४,०००. एकूण ६७,२४०. खालच्या भागात प्रत्येक माणसामागे वाढणारं : खोली करासकट ४,४८०, जेवण २,१५०, तिकिटं १३०. एकूण ६,७६०. किंमत लावली १३,५००. म्हणजे प्रत्येक माणूस वरच्या ढिगाऱ्यातले ६,७४० उचलतो. दहावा माणूस आला की ढिगारा संपला. अकराव्यापासून माझं.

साडेनऊवरून एकदम साडेतेरा! घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "कोण येणार?" माझ्याही पोटात गोळा आलाच होता. फेब्रुवारी २०२३ ची तारीख होती. नऊ जण आले, ठरल्या किमतीत, घासाघीस न करता. मग शेवटच्या आठवड्यात माझी हिंमत सुटली.

एका बाईंनी फोन केला, तिघी येतो म्हणाल्या, पण अकरा हजारांच्या वर नाही. मी हिशेब केला. सीट रिकामी गेली तर शून्य. अकरा हजारांतून ६,७६० गेले तरी माणशी ४,२४० हातात. विमान कंपन्याही एकाच विमानातल्या सीट वेगवेगळ्या भावानं विकतात. हो म्हटलं.

विमानात शेजारच्याला कुणी विचारत नाही, तिकीट कितीला पडलं. आमच्या गाडीत पहाटे मिरज सोडल्यावर डबे उघडले गेले, अथणीपर्यंत कोणाची सून कुठली ते समजलं, आणि जमखंडी यायच्या आत मागून आवाज आला, "अगंबाई, तुम्हाला अकरात दिलं?" गाडीत शांतता पसरली. मी पुढच्या सीटवर बसून रस्त्याकडे बघत होते. आरशात ड्रायव्हरमामा माझ्याकडे बघून हसत होते.

बदामीला पोचेपर्यंत कुणी काही बोललं नाही, पण चहाला थांबलो तेव्हा दोन टेबलं झाली होती. साडेतेराचं टेबल आणि अकराचं टेबल. रात्री मी नऊ जणांना पाचशे-पाचशे परत दिले. सात जणांनी घेतले, दोघींनी नाही घेतले. त्या टूरमध्ये सगळं जाऊन माझ्या हातात २,६४० रुपये राहिले. तेव्हापासून उलटं ठेवलंय : दीड महिना आधी पैसे भरणाऱ्याला पाचशे कमी, नंतर पूर्ण किंमत, आणि शेवटच्या आठवड्यात सीट रिकामी गेली तर जाऊ दे. कुणी फारच ताणलं तर पैसे कमी करत नाही, खिडकीची सीट देते. खिडकी फुकट असते.

एकट्या बाईचा प्रश्न सगळ्या जाहिरातींत "सिंगल ऑक्युपन्सी" म्हणून कोपऱ्यात टाकलेला असतो. माझ्याकडे येणाऱ्यांत निम्म्या एकट्याच. कुणाचे यजमान गेलेले, कुणाच्या यजमानांना फिरायचा कंटाळा. खोली एकटीला हवी तर ४,५०० जास्त, हे बरोबरच आहे, कारण हॉटेल अर्ध्या खोलीचे अर्धे पैसे घेत नाही. पण ते ऐकल्यावर फोनच्या पलीकडून "बरं, कळवते" येतं आणि मग कळवत कुणी नाही. पहिल्या टूरला एक निवृत्त शिक्षिका अशाच होत्या, त्यांना माझ्या खोलीत घेतलं. त्या रात्री अडीचला उठून पोथी वाचतात, हे होस्पेटला समजलं. आता जोडी मी लावते. घोरणं, दिवा, एसी, पहाटे उठणं, सगळं आधी फोनवर विचारते. जोडी जमलीच नाही तर त्या माझ्या खोलीत, जास्तीचे पैसे नाहीत. शीटमध्ये माझी खोली पूर्ण धरलेलीच आहे, त्यामुळे तोटा होत नाही. झोप तेवढी जाते.

आता जाहिरातीचं. पहिलं हँडबिल पिवळ्या कागदावर छापलं होतं. "निसर्गरम्य! ऐतिहासिक! अविस्मरणीय!" आणि खाली नेटवरून उचललेला हंपीच्या दगडी रथाचा फोटो, छापल्यावर तो रथ आहे की हत्ती हे कळत नव्हतं. दोन हजार प्रती पेपरात टाकल्या. फोन आले सात. त्यातल्या एकानं विचारलं, जागा विकायची आहे का.

मग भाच्यानं फेसबुकवर जाहिरात लावून दिली, रोजचे दोनशे, पाच दिवस. त्याचा सल्ला : किंमत लिहू नकोस मावशी, लोक विचारतील, मग पटवायचं. लोकांनी विचारलं. दिवसभर "प्राइस?" "रेट?" "किती?" मी प्रत्येकाला टाइप करून उत्तर देत बसले. किंमत पाठवली की पुढे सन्नाटा. पुढच्या वेळी पहिल्याच ओळीत १३,५०० लिहिलं. मेसेज एकदम कमी झाले, पण जे आले ते तारीख विचारत आले. ज्याला परवडत नाही त्याचाही वेळ वाचतो आणि माझाही. भाव न लिहिण्याचा सल्ला कुणी कितीही मोठा माणूस देवो, लहान धंद्यात जिथे फोन उचलणारी आणि भात लावणारी बाई एकच असते, तिथे तो चालत नाही.

सगळ्यात जास्त सीट कशानं भरल्या ते सांगते. मेसेजमध्ये मी एक ओळ सहज लिहिली होती : "बनशंकरीला ओटी भरायला पूर्ण एक तास. घाई नाही." सांगली-मिरजेत, पार इचलकरंजीपर्यंत ज्यांची ती कुलदेवी आहे अशी घरं खूप. मोठ्या टूरमध्ये देवीपुढे वीस मिनिटं मिळतात आणि बाहेरून शिट्टी वाजते. ती ओळ एका भजनी मंडळाच्या ग्रुपवरून दुसऱ्यावर गेली आणि मला कोपरगावहून फोन आला. कोपरगावात मी कुणालाही ओळखत नाही.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. पुढच्या मेसेजमधून निसर्गरम्य, अविस्मरणीय सगळं काढलं. लिहिलं : "खिशातली पन्नासची निळी नोट उलटी करून बघा. तो रथ बघायला जातोय." लोकांनी खरंच नोटा काढून बघितल्या. एकीनं कळवलं की तिच्या नोटेवर तेलाचा डाग आहे, रथ दिसत नाही, प्रत्यक्ष बघायला येते. लेण्यांबद्दल लिहिलं की तिसऱ्या लेण्यात चालुक्य मंगलेशाचा ५७८ सालचा लेख आहे, कुठे उभं राहिलं की दिसतो तेही दाखवीन. आणि बनशंकरीच्या आवारात बायका टोपल्या घेऊन बसतात, त्यांच्याकडची कडक ज्वारीची भाकरी, एणगाई म्हणजे भरली वांगी, शेंगाचटणी, दही. हॉटेलातलं एक जेवण काढून ते दुपारचं जेवण म्हणून घातलं. खर्च कमी झाला आणि टूरहून परतल्यावर लोक हंपीआधी त्या भाकरीचं सांगतात.

त्याच मेसेजच्या तिसऱ्या ओळीत अडचणी. बदामीला पायऱ्या दोनशेच्या आसपास, उंच आहेत, कठडा सगळीकडे नाही. हंपीजवळच्या अंजनाद्री डोंगराच्या पावणेसहाशेच्या आसपास, ज्यांना झेपेल त्यांनीच, बाकीच्यांनी खाली नारळपाणी. हंपीच्या विठ्ठल मंदिरापर्यंत गाडी जात नाही, बॅटरीच्या गाडीची रांग असते. परतीच्या दिवशी तीनशेच्या वर किलोमीटर बसावं लागेल. हे वाचून दोन-चार जण गळतात. गळू देत. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या एका काकूंना पहिल्या टूरला मी दुसऱ्या लेण्यापाशी तासभर एकटं बसवलं होतं, माकडांच्या सोबतीनं. त्यांनी तक्रार केली नाही, पण परत आल्यावर माझा फोन उचलला नाही.

स्पर्धा आहेच. "अमुक ठिकाणी हीच टूर ८,९९९ ला आहे," हा फोन आठवड्यातून एकदा येतो. मी त्यांना वाईट म्हणत नाही. तीन प्रश्न देते : दुपारचं जेवण त्यात आहे का, गाईड आणि तिकिटं आहेत का, आणि आकड्यावर जी चांदणी आहे तिच्याखाली काय लिहिलंय. चांदणीखाली बहुतेक वेळा "वाहन व निवास फक्त" असतं. आधी कमी दाखवून पैसे भरायच्या वेळी वाढवत न्यायचं, हा प्रकार २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारनं नियम काढून फसव्या क्लृप्त्यांच्या यादीत घातला आहे. माझ्यापर्यंत त्याचा फायदा अजून आलेला नाही. चार जण ८,९९९ ला गेले, त्यातल्या दोघी पुढच्या हंगामात माझ्याकडे आल्या, दोघी पुन्हा तिकडेच. त्यांना जेवण वेगळं आणि आपल्या आवडीचं खायचं होतं. त्यांचंही बरोबर आहे.

खर्च वाचवायचे दोन मोह झाले तेही सांगून टाकते. एकानं पांढऱ्या पाटीची गाडी २२ रुपयांनी देऊ केली. भाड्यानं माणसं नेणारी गाडी पिवळ्या पाटीची, टुरिस्ट परमिटची हवी; कर्नाटकात अडवलं तर चौदा माणसं रस्त्यावर, आणि काही झालं तर विमा हात वर करणार. नाही म्हटलं. दुसरा मोह गाईडचा. मला येतंय की सगळं, मीच सांगते, असं करून पहिल्या टूरला मी विठ्ठल मंदिरात बोलायला लागले. पाच मिनिटांत ओळखपत्र गळ्यात घातलेले तिथले एक गाईड आले आणि अगदी सभ्यपणे विचारलं, तुमचं कार्ड? भर घोळक्यात पाणी पाणी झालं. आता बदामीत आणि हंपीत, दोन्ही ठिकाणी तिथलाच माणूस. त्यांच्या हिंदीत जिथे अडतं तिथे मी मराठी जोडते.

सध्या शीट पुन्हा उघडी आहे. कर न लागण्याचे दिवस संपले. सेवा देणाऱ्याची उलाढाल वर्षाला वीस लाखांच्या आत असेल तोवर जीएसटीची नोंदणी लागत नाही, आणि मला वाटायचं, आपण कुठले वीस लाखांचे! पण ती उलाढाल आहे, नफा नव्हे. चौदा माणसं गुणिले १३,५०० म्हणजे एका फेरीचे १,८९,०००, ज्यातले माझे सत्तावीस हजार. वर्षात अकरावी फेरी लागली की वीस लाख ओलांडले. मी हौसेनं अष्टविनायक आणि गाणगापूरही सुरू केलं होतं. म्हणजे आता पाच टक्के, तेही पूर्ण रकमेवर, आणि हॉटेलनं माझ्याकडून घेतलेल्या कराची वजावट नाही. खोल्यांवरचा कर सप्टेंबर २०२५ पासून पाचावर आला, त्यानं माणशी २८० रुपये वाचले. गाडीमालकानं २८ चे ३० करून ते खाल्ले.

बँकवाले काका आता माझे नेहमीचे. तीनदा आलेत, दोनदा सपत्निक आणि एकदा व्याह्यांना घेऊन. नवी शीट त्यांना दाखवायला नेली. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी सगळ्या ओळी पेन्सिलीनं खालपर्यंत तपासल्या. बेरीज बरोबर होती. म्हणाले, "ताई, गाडीवाल्याचे आहेत, गाईडचे आहेत, मामांचा भत्ता आहे. तुमचा पगार कुठाय?"

मी म्हटलं, उरेल तो माझाच की.

"तो मालकाचा. पाच दिवस मायक्रोफोन धरते तिचा कुठाय? महिनाभर फोन उचलते तिचा?"

त्यांनीच ओळ आखली आणि दहा हजार लिहिले. मी आठ म्हणत होते. खर्च निघायला आता दहाऐवजी अकरा माणसं लागतात आणि किंमत झाली १५,०००, जीएसटी धरून. मी सवयीनं १४,९९९ टाइप करायला गेले, तर काकांनी माझ्याकडे असं बघितलं की बोट मागे घेतलं.

काल संध्याकाळी मेसेज पाठवला. पहिली ओळ किंमत, दुसरी ओटीचा तास, तिसरी पायऱ्या. चार मिनिटांत पहिलं उत्तर आलं :

"ताई, पायऱ्या किती आहेत?"